खिशातली मूठ आणि भाचीचं बारसं

त्या दिवशी दुपारी मी आणि माझा टीम लीड आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, हातात गरम गरम ट्रे घेऊन उभे होतो, आणि आमच्या टेबलावर एक आजोबा निवांत बसून फिशबॉल नूडल्स खात होते. आमचं टेबल म्हणजे आमचंच हं. रीतसर टिश्यूचं पाकीट ठेवून धरलेलं. सिंगापूरमध्ये जेवायच्या वेळी जागा धरायची तर टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून रांगेत जायचं, त्याला इथे 'चोप' करणं म्हणतात, आणि त्या पाकिटाला कुणीही हात लावत नाही. या आजोबांनी लावला. इतकंच नाही, आमच्याच पाकिटातला एक टिश्यू काढून टेबल पुसलं आणि बसले.

माझा लीड स्वीडनचा आहे. साडेसहा फूट उंच, लिफ्टमध्ये आपोआप मान वाकवणारा, आवाज कधीही न चढवणारा माणूस. तो आजोबांकडे बघून छान हसला, "एन्जॉय युअर लंच" म्हणाला आणि दुसरं टेबल शोधायला लागला. कोपऱ्यात पंख्याखाली एक मिळालं. बसल्यावर त्याने चिकन राईसवर सॉस ओतला आणि एकदम शांतपणे म्हणाला, "आत्ता मी खिशात मूठ आवळली होती."

"काय केलं होतंस?"

"आमच्याकडे म्हणतात. क्न्यूता नेव्हन ई ब्यूक्सफिकन. पँटच्या खिशात मूठ आवळणं. राग आलाय, पण दाखवायचा नाही."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. पाणी प्यायले, परत हसले. आणि मग हसता हसता मला कळलं की गेले चार दिवस मीही तेच करतेय. आणि ज्याच्यावर मला राग आला होता तो समोर बसून काकडीचे काप खात होता.

तर चार दिवसांपूर्वी काय झालं होतं ते सांगते.

पुण्यात माझ्या दादाला मुलगी झाली. मी तिची एकुलती एक सख्खी आत्या. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच, त्यामुळे वहिनीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी या एका कामासाठी तयार होते. बारसं गुरुवारी ठरलं. मी त्या अख्ख्या आठवड्याची सुट्टी टाकली, लीडने ती मंजूर केली, टीमच्या कॅलेंडरमध्ये माझ्या नावापुढे पाच हिरवे चौकोन आले. तिकीट बघून ठेवलं होतं, काढायचं तेवढं बाकी होतं.

मग ऑफिसात मीटिंग झाली. आमची कंपनी सेन्सर बनवते आणि मी ते टेस्ट करते. एका मोठ्या कस्टमरची माणसं बघायला येणार होती, नेमकी त्याच आठवड्यात. लीडची मीटिंगची एक पद्धत आहे. तो एकटा काही ठरवत नाही. टेबलाभोवती एकेकाला विचारतो, तुला चालेल का, तुला काही अडचण, सगळ्यांचं ऐकतो आणि मगच ठरवतो. एकदा ठरलं की ठरलं, नंतर कुणी बदलत नाही. माझी पाळी आली. "त्या आठवड्यात तू इथे लागशील. चालेल का तुला?"

आणि मी म्हणाले, "कॅन, नो प्रॉब्लेम."

का म्हणाले? अहो, कारण ते पहिलं 'हो' होतं. आपल्याकडे पहिलं उत्तर कुणी धरतं का? "चहा टाकू?" "नको नको, आत्ताच झाला." "अहो, अर्धा कप." "खरंच नको." "टाकलाय मी आधण." "बरं, मग थोडासा." हे असं असतं. पहिल्याच विचारण्याला "हो, द्या" म्हणणाऱ्याला आपल्याकडे हावरट म्हणतात. म्हणजे मी आपलं चांगल्या घरच्या मुलीसारखं पहिलं उत्तर दिलं आणि वाट बघत बसले की आता तो म्हणेल, "अगं पण तुझी सुट्टी आहे ना त्या आठवड्यात? नक्की जमेल ना?" मग मी म्हणणार, "हो, आहे खरी, घरी कार्य आहे." मग तो म्हणणार, "मग जा बाई."

तो म्हणाला, "ग्रेट." लॅपटॉपवर लिहिलं. पुढच्याकडे वळला.

संध्याकाळपर्यंत कस्टमरला मेल गेला, त्यात माझं नाव. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरमधले माझे पाच हिरवे चौकोन गेले. मी ते बघत बसले. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला रोज जास्तच गोड गुड मॉर्निंग म्हणायला लागले.

दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, ऑफिसचं जरा अडलंय. नाही जमणार बहुतेक."

दादा म्हणाला, "चालेल गं. काम महत्त्वाचं. व्हिडिओ कॉल करू."

बस. इतकंच. दोन सेकंदांत. मी फोन ठेवला आणि मला रडूच आलं, की माझं नसणं याला इतक्या सहज चालतं?

हे सगळं पोटात घेऊन मी त्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये बसले होते. म्हणून ती मूठ माझ्या डोक्यातून जाईना.

मला एखादी गोष्ट डोक्यात बसली की मी ती सोडत नाही. त्या दिवशी संध्याकाळी आंग मो किओला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढल्याबरोबर फोन काढला आणि शोधायला लागले की हे आलं कुठून. मला तोआ पायोहला उतरायचं असतं, म्हणजे मध्ये फक्त दोन स्टेशनं, त्यात काय वाचून होणार. मी थेट पुढच्या नोव्हेनाला पोचले तेव्हा भानावर आले. परत उलटी गाडी पकडली, तर उलट्या गाडीतही वाचत बसले आणि ब्रॅडेलला उतरून चालत घरी आले.

पण केवढं सापडलं म्हणून सांगू. पहिली गोष्ट, ही मूठ एकट्या स्वीडनची नाहीच. नॉर्वेवाले खिशात मूठ आवळतात, डेन्मार्कवाले आवळतात, फिनलंडवाले तर खिशातल्या खिशात मूठ उगारतात. जर्मनांकडे आहे, डचांकडे आहे, स्वित्झर्लंडमध्येही आहे. म्हणजे युरोपचा तो वरचा अर्धा भाग खिशात हात घालून उभा आहे आणि प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच चिडलोय. कुणी कुणाकडून उचललं ते मला काही पक्कं सापडलं नाही. प्रत्येक ठिकाणी नुसतं 'जुनी म्हण' लिहिलेलं. बहुतेक कुणालाच माहीत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. कपड्यांना आतून शिवलेला खिसा ही काही फार प्राचीन गोष्ट नाही. त्याआधी लोक कमरेला पिशवी लटकवायचे. लटकत्या पिशवीत मूठ घालून बघा बरं, सगळ्या बाजाराला दिसेल. म्हणजे पँटच्या खिशातली मूठ यायची तर आधी शिंपी यायला हवा, त्याने आतून कापड लावून खिसा शिवायला हवा, आणि मग माणसाला कळायला हवं की अरे, इथे नाण्याशिवाय रागही ठेवता येतो. मला त्या पहिल्या माणसाबद्दल फार प्रेम वाटलं. नवी पँट घालून उभा आहे, कुणीतरी त्याला बोलतंय, आणि त्याचा हात आपोआप आत गेलाय.

घरी आल्यावर मी हे सगळं काकूंना सांगायला लागले. मी तोआ पायोहमध्ये एका मराठी कुटुंबाकडे भाड्याने राहते. काका बँकेत, सदा टूरवर. काकू एका फर्ममध्ये अकाउंट्स बघतात. त्यांची मुलगी चौदा वर्षांची, तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र सिंगापुरी इंग्लिशमध्ये येतं.

काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "आपल्यात नाही का, मूग गिळून गप्प बसणं? तेच ते."

"पण काकू, मूगच का?"

काकूंचा हात थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे तूर का नाही? चणे का नाहीत?"

"चणे अडकतात घशात." काकूंनी परत थापायला घेतलं. मग स्वतःच म्हणाल्या, "नाही, थांब. मूग भिजले की त्यांना मोड येतात. राग गिळला की पोटात तसाच वाढतो. असं असेल."

सोफ्यावरून आवाज आला, "सो इन द स्टमक हॅव तावगे."

तावगे म्हणजे इथल्या बाजारात मिळणारे मुगाचे लांब पांढरे मोड. काकूंनी पिठाच्या हाताने तिला गप्प बस अशी खूण केली, पण हसल्या त्याही.

मग मी म्हटलं, बघा ना, आपलं सगळं तोंडात आहे. राग गिळायचा, मूग गिळायचे, दातओठ खायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. त्यांचं हातात आहे. असं का?

काकूंनी एक क्षणही घेतला नाही. "खिसे कुठे होते बायकांना? नऊवारीला खिसा असतो? ठेवणार कुठे मूठ? मग गिळायचं."

मी माझ्या कुर्त्याकडे बघितलं. त्यालाही खिसा नव्हता. मीटिंगच्या दिवशी घातला होता तोच प्रकार.

जेवताना मी त्यांना खरं काय ते सांगितलं. मीटिंग, हिरवे चौकोन, दादा. काकू लगेच गंभीर झाल्या. "हे बघ, एम्प्लॉयमेंट पासवर आहेस तू. पास कंपनीच्या हातात. कस्टमर येणार म्हणजे साहेबाची इज्जत. आता 'हो' म्हणून बसलीस ना, मग थोडे दिवस गप्प बस. आम्ही वीस वर्षं काढली इथे, ती अशी भांडून नाही काढली."

"मम्मा, यू ऑल्सो नेव्हर फाइट," मुलगी म्हणाली. "अपस्टेअर्स आंटी एव्हरी डे ड्रिप ऑन अवर क्लोद्स, यू ओन्ली से गुड मॉर्निंग."

हे खरं होतं. वरच्या मजल्यावरच्या आंटी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर निथळते कपडे लावतात आणि ते पाणी काकूंच्या वाळलेल्या चादरींवर पडतं. काकू रोज चादर आत घेताना त्या बाईंचा सगळ्या कुळासकट उद्धार करतात आणि लिफ्टमध्ये भेटल्या की त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतात.

"तो वेगळा विषय आहे," काकू म्हणाल्या.

"जस्ट टेल हिम लाह, ताई," मुलगी मला म्हणाली. तिला ते किती सोपं वाटत होतं.

मी नाही सांगितलं. पण मूठही सोडवेना. दुसऱ्या दिवशी लीडला सगळं शोधलेलं सांगितलं, पिशव्या, शिंपी, फिनलंडची उगारलेली मूठ. त्याला काहीच माहीत नव्हतं. "मी फक्त वापरतो," तो म्हणाला. मग त्याच्यामागे लागले की घरी कुणाला तरी विचार ना. तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाला, "चल, माझ्या आईला विचारू. ती आता उठलेली असेल."

दुपारचे तीन वाजले होते. आम्ही छोट्या मीटिंग रूममध्ये बसलो, त्याने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि मी तीन दिवस त्याचं डोकं खातेय हे आईला सांगितलं. पलीकडे एक पांढऱ्या केसांच्या बाई, मागे खिडकी, समोर कॉफी. त्या हळूहळू इंग्लिश बोलत होत्या आणि अडलं की मुलाला शब्द विचारत होत्या.

त्या म्हणाल्या, त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला होते. मालकाचा कारभारी यायचा आणि सगळ्यांना ओळीत उभं करून बोलायचा. तो आला की डोक्यावरची टोपी काढून एका हातात धरायची, ही रीत. मग दुसऱ्या हाताचं काय करायचं? तो मोकळा लोंबकळत ठेवला तर मूठ वळलेली दिसणार. म्हणून खिशात.

"म्हणजे म्हण तिथून आली?" मी जवळजवळ उठून उभी राहिले.

त्या हसल्या. "माझे वडील म्हणायचे आमच्या गावातून आली. माझा नवरा शेजारच्या गावचा, त्याचे वडील म्हणायचे त्यांच्या गावातून आली. दोघांनाही काही माहीत नव्हतं. पण माझ्या वडिलांनी मूठ आवळली होती हे खरं आहे. आई सांगायची, सगळ्यात आधी त्यांचा उजवा खिसा फाटायचा."

"आणि कारभाऱ्याला कळायचं नाही?"

"कळायचं की. खिसा फुगतो ना. बारा माणसं, बारा फुगलेले खिसे. आंधळा होता का तो? म्हणून तो उरलेलं बोलणं लवकर आटपायचा."

हे मला फारच भारी वाटलं. म्हणजे ती मूठ पूर्ण लपवण्यासाठी नव्हतीच. अर्धी लपवायची, अर्धी दिसू द्यायची. मी वहीत लिहून घेत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या खिशात काय आहे?"

"माझ्या? काही नाही. मला आपलं कुतूहल."

"काही नाही?"

"नाही नाही, खरंच."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "तीन दिवस एखादी मुलगी मुठीबद्दल विचारत फिरते आणि तिच्या खिशात काही नाही. मला नाही वाटत. काय आहे?"

तिसऱ्यांदा विचारलं हो त्यांनी. तिथे, त्या थंडगार देशात बसलेल्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझं सगळं भडाभडा बाहेर आलं. बाळ, बारसं, आत्या म्हणजे काय, कानात नाव, हिरवे चौकोन, मेल, सगळं. मी कुणाकडे बघून बोलत होते तेही मला आठवत नाही.

त्या बाई मुलाला त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलल्या, मला हात हलवला आणि फोन ठेवून दिला. हुशार बाई.

लीड म्हणाला, "पण मी विचारलं होतं."

"एकदाच विचारलंस."

"एकदाच म्हणजे? किती वेळा विचारायचं?"

"कमीत कमी तीन."

"तू सगळ्यांसमोर हो म्हणालीस."

"ते पहिलं हो होतं."

"हो ला नंबर असतो?" तो खरंच गोंधळला होता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "थांब. दिवाळीला मी तुमच्या घरी आलो होतो. तुझ्या काकू मला चकली देत होत्या. मी चार वेळा नको म्हणालो आणि त्या वाढतच होत्या."

"चार वेळा म्हणालास ना. मग त्यांना वाटलं तुला फारच हवीये."

त्याला हसू आलं नाही. तो उठून उभा राहिला, हात खिशात गेला, आणि मी काय बघते, तर खिसा फुगला.

"तुझा खिसा," मी म्हटलं.

त्याने खाली बघितलं. हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. "हो. मला राग आलाय," तो म्हणाला, त्याच नेहमीच्या आवाजात. "कस्टमरला मेल गेलाय. तो टेस्ट सेटअप तुझ्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. आणि इतके दिवस तू रोज मला हसून गुड मॉर्निंग म्हणत होतीस. त्याचा जास्त राग आलाय." मग म्हणाला, "आणि सुट्टी मीच मंजूर केली होती. मी कॅलेंडर बघितलंच नाही. म्हणजे थोडा माझ्यावरही."

डोक्यात काकूंचा आवाज, पास कंपनीच्या हातात. पण गंमत म्हणजे भीती वाटत होती तरी हलकंही वाटत होतं. मी म्हटलं, "सॉरी. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण मला जायचंय. मला खरंच जायचंय."

त्याने कस्टमरचं वेळापत्रक स्क्रीनवर उघडलं. सोमवार ते बुधवार टेस्ट. गुरुवार, शुक्रवार प्रेझेंटेशन आणि जेवणं. तो एकेक दिवसावर बोट ठेवत गेला.

"गुरुवारी तू इथे काय करणार आहेस?"

"जेवणार," मी म्हटलं.

आता तो हसला. ठरलं ते असं: बुधवारी दुपारपर्यंत टेस्ट मी पूर्ण करायच्या. त्याआधी टीममधल्या दुसऱ्या एका मुलीला सेटअप चालवायला शिकवायचं, आणि एकेक पायरी लिहून ठेवायची, म्हणजे गुरुवारी कस्टमरने परत बघायला मागितलं तर अडणार नाही. मग बुधवारी दुपारी मी निघायचं, सोमवारी हजर. आठवडाभराच्या सुट्टीतले आता दोन दिवस आणि शनिवार-रविवार उरले. मी म्हणाले, "चालेल."

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "हे कितवं चालेल आहे?"

"शेवटचं," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी तिथूनच, त्याच खोलीतून दादाला फोन लावला. त्याने उचलल्या उचलल्या मी ओरडलेच, "दादा, मी येतेय."

पलीकडून दादाने घसा खाकरला.

"दादा?"

"अगं, येतेयस तर ये ना," दादा म्हणाला, पण आवाज भलताच होता. "फक्त ते... नाशिकच्या ताईला सांगितलंय नाव ठेवायला."

नाशिकची ताई म्हणजे आमची चुलत बहीण. चुलत असली तरी आत्याच.

"तिला साडी पण घेतली," दादा म्हणाला. "जांभळी."

"माझी साडी तिला?"

"तू म्हणालीस नाही जमत."

"आणि तू म्हणालास चालेल. दोन सेकंदांत. तुला काहीच वाटलं नाही?"

"मग काय म्हणणार होतो? तुझी नोकरी, परका देश. मला वाटलं तू ठरवूनच फोन केलायस. तुला आणखी कशाला अवघड करायचं."

"एकदा तरी आग्रह करायचास ना, बावळटा."

"तू केलास? मी चालेल म्हणालो आणि तू फोन ठेवून मोकळी. तेव्हापासून तुझी वहिनी माझ्याशी धड बोलत नाहीये. म्हणते, तुमच्या घरात कुणी कुणाला काही विचारतच नाही."

मग आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि काचेबाहेरून जाणारा लीड अंगठा वर करून निघून गेला. ताईचं काय करायचं हे मीच सोडवलं. तिला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, सुटले बाई. मला इतक्या लोकांसमोर घाम फुटतो. साडी मात्र मी परत देणार नाही."

घरी आल्यावर काकूंना सांगितलं. त्यांनी आधी छातीला हात लावला, मग साहेब काय म्हणाला ते शब्द न् शब्द विचारलं, मग म्हणाल्या, "बघ, मी म्हणतच होते."

"काकू, तुम्ही गप्प बस म्हणालात."

"थोडे दिवस म्हणाले होते. थोडे दिवस झाले ना?"

लीडने ही गोष्ट मनावर घेतली हे मात्र मला माहीत नव्हतं. पुढच्या मीटिंगला त्याने टेबलाभोवती विचारायला सुरुवात केली. शुक्रवारी चार वाजता, चालेल? नक्की? अगदी नक्की? तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या शेजारचा, इथलाच जन्मलेला मुलगा वैतागून म्हणाला, "कॅन मीन्स कॅन. व्हाय आस्क सो मेनी टाइम?" लीडने माझ्याकडे बोट दाखवलं. मी लॅपटॉपमागे लपले.

कस्टमरची माणसं आली, टेस्ट झाल्या, एक सेन्सर मंगळवारी रुसला आणि बुधवारी सकाळी सरळ झाला. शिकवलेल्या मुलीने माझ्यासमोर सेटअप दोनदा चालवून दाखवला. मी ऑफिसातूनच बॅग घेऊन एअरपोर्टला गेले, मुंबईला उतरले, आणि गुरुवारी सकाळी पुण्यात दादाच्या दारात होते.

वहिनी बाळाला घेऊन बसली होती. मला बघून तिने नुसतं "आलीस?" म्हटलं, बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून गेली. मला कळलं, अजून राग गेलेला नाही. दादाने खांदे उडवले.

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजवला होता. मी बाळाच्या कानापाशी वाकले. इतके महिने मनात घोकलेलं नाव, आणि ऐन वेळी ते इतक्या घाईत सांगितलं गेलं की परत एकदा सांगितलं. नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मग कुर्रर्र केलं. आता आत्या वाकून कुर्र करत असते तेव्हा मागे उभ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, लाडाचे असतात ते, हळू. आईचा पडला, नाशिकच्या ताईचा जांभळ्या साडीतून पडला, दोन मावश्यांचे पडले. आणि मग एक असा पडला की माझ्या तोंडून कुर्रऐवजी आईगंच निघालं.

वळून बघितलं तर वहिनी.

"हा व्हिडिओ कॉलचा," ती म्हणाली. मग हसली, आणि माझी पाठ चोळत म्हणाली, "जास्त नाही ना गं लागलं? नक्की? अगदी नक्की?"